येणार असाल तर एक दाबा

परवा फोनवर तू फार वैतागलेली होतीस. तुमच्या कंपनीने केलेलं काहीतरी नवं लोकांच्या हातात देऊन बघायला तुला थोडे दिवस हवे होते, आणि तुझा मॅनेजर म्हणत होता की आपल्या लोकांनी वापरून बघितलंय, तेवढं पुरे. "आजी, तू शाळेत इतकी वर्षं संस्थाचालकांशी भांडलीस," तू म्हणालीस, "वरच्या माणसाला पटवायचं कसं, ते सांग ना." मी तेव्हा थट्टेवारी नेलं. खरं म्हणजे मला एकदा पटवता आलं होतं, आणि तेही बरोबर तुझ्याच विषयात. पण ती हकीकत मला फोनवर धड सांगता आली नसती. ती तुमच्या धुळ्याच्या आजीची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची आहे. वाचून झाल्यावर तुझ्या भावालाही दे.

धुळ्याची आजी तुम्हा दोघांना आठवत असेल ती ज्वारीचे बिबडे तळून ताटभर पुढे ठेवणारी, आणि "खा रे पोरेहो, बारीक व्हई गयात तुम्ही" म्हणणारी. आमचं माहेर फैजपूरकडचं. अक्का सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन धुळ्याला गेली. तिकडची अहिराणी तिने अशी उचलली की माहेरी आली की आमचे काका तिला चिडवायचे, "ह्या पाहुणीला काय म्हणायचंय, कोणीतरी समजावून सांगा रे." मी अमळनेरच्या कॉलेजात इंग्रजी शिकले आणि निवृत्त होईपर्यंत जळगावच्या शाळेत तेच शिकवलं. अक्काचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. ते गेले तोवर तिचा एकुलता एक मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात स्थिरावला होता. दर दिवाळीला तो म्हणायचा, "आई, आता चल." अक्का म्हणायची, "माले आठे काय कमी शे?"

खरंच कमी काही नव्हतं. देवपुरात दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, ओट्यावर सकाळ-संध्याकाळ शेजारणी. मधुमेहाने तिची मूत्रपिंडं गेली आणि दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, तरी ती तिथेच राहिली. रिक्षाने एकटी जायची, एकटी यायची. पथ्यात केळं बंद झालं. केळीच्या बागेत वाढलेल्या बाईला डॉक्टरांनी नेमकं केळं बंद करावं, यावर ती स्वतःच सगळ्यांना हसवायची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. अक्का विसरत नसे. कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे, माझ्या शाळेतल्या कोणत्या बाईंचं कोणाशी पटत नाही, हे मला तिच्याकडून कळायचं. म्हणूनच मुलाने तिला एकटं राहू दिलं होतं. त्याची अट एकच होती. "तुझं डोकं जागेवर आहे तोवर रहा," तो म्हणाला होता, "विसराविसर सुरू झाली की मी विचारणार नाही, उचलून नेणार." अक्काने अट हसत मान्य केली होती.

ती जायची ते एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. मशीन थोडी, पेशंट फार. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, सगळीकडून लोक यायचे. काउंटरवर एक मुलगी होती. ती दुसऱ्या दिवशीच्या पेशंटना आदल्या संध्याकाळी फोन करायची. अक्का तिला लगेच सोडायची नाही. "काय वं माय, जेवनी का?" मग तिच्या आईचा पाय मोडला होता त्याची चौकशी. मुलगी म्हणायची, "अक्का, अजून खूप फोन बाकी आहेत हो," आणि तरी दोन शब्द बोलायची.

मग हॉस्पिटलने नवी सिस्टीम घेतली. फोन आता आपोआप जायचे. मॅनेजरांनी त्यात एक चांगला विचार केला होता, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पेशंटना ओळखीचा आवाज बरा वाटेल म्हणून त्यांनी त्याच मुलीचा आवाज रेकॉर्ड करून घातला. मुलीला वरच्या मजल्यावर बिलिंगला पाठवलं आणि काउंटरवर नवा माणूस आला. फोनवर ती म्हणायची, "नमस्कार, मी हॉस्पिटलमधून बोलतेय. उद्या सकाळी तुमचं डायलिसिस आहे. येणार असाल तर एक दाबा. येणार नसाल तर दोन दाबा." काहीच दाबलं नाही तर थोड्या वेळाने आणखी एक फोन. त्यालाही उत्तर नाही मिळालं तर नंबर रद्द, आणि थांबलेल्यांपैकी कोणाला तरी मिळायचा.

अक्काचा नंबर पहिल्यांदा गेला तेव्हा काउंटरवर काय झालं ते तिनेच मला सांगितलं. नवा माणूस म्हणाला, "आजी, तुम्ही कन्फर्म केलं नाही."

"असं कसं? मी तिले सांगं ना, सकायले येस म्हनीसन."

"कोणाला?"

"आठे बसे ती पोरले. तिना फोन उना व्हता."

"त्या आता वर असतात. त्या कशाला फोन करतील? फोन सिस्टीमवरून येतो."

"सिस्टीम कोन शे ते माले माहीत नही. माले तिनाच फोन उना."

माणूस वाईट नव्हता. आवाज कोणाचा भरला आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने वर फोन लावून मुलीला 'तुम्ही ह्या आजींना फोन केला होता का' एवढंच विचारलं, आणि तिने खरं तेच सांगितलं की मी कोणालाही फोन केलेला नाही. तेव्हा आसपासच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. अक्काला त्या बघण्याचा अर्थ कळला. घरी येऊन तिने मला फोन केला तेव्हा ती रागावलेली होती. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा राग नव्हता. "कशी व्हई वं," ती म्हणाली, "मी बोलनू तर खरी."

तिसऱ्यांदा नंबर गेला आणि दुसऱ्या दिवशीही मशीन मिळालं नाही. अंगात पाणी साठलं, श्वास लागला, शेजाऱ्यांनी तिला रिक्षात घालून नेलं. ती वाचली. मुलगा सुरतेहून आला. हॉस्पिटलमध्ये त्याला सांगितलं गेलं की आजी विसरतात, आणि न आलेल्या फोनबद्दल बोलतात. त्याने मला जळगावला फोन केला. "मावशी, आता मी ऐकणार नाही. पितृपक्ष आहे म्हणून घर हलवत नाही. घटस्थापनेला येतो आणि घेऊन जातो."

मी बॅग भरली आणि एसटीने धुळ्याला गेले.

तुझ्या त्या विषयातलं मला जे काही कळलं, ते त्या मुक्कामात, अक्काच्या ओट्यावर. संध्याकाळी आम्ही गवार निवडत बसलो होतो. फोन वाजला. अक्काने हात पदराला पुसले, फोन कानाला लावला, आणि तिचा चेहरा उजळला.

"हां वं माय. येस ना, सकायले येस. तू जेवनी का? मायना पाय कसा शे आते?" मग थोडं ऐकलं, "बरं बरं, ठेव," म्हणाली आणि फोन खाली ठेवला. मला म्हणाली, "आजकाल भलती घाई ऱ्हास तिले. इचारं तरी जाब देत नही. काम वाढनं व्हई बिचारीनं."

मला काहीतरी खटकलं. थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला तेव्हा तो मी घेतला. तीच मुलगी, गोड आवाज, नमस्कारानंतर जराशी थांबली. त्या थांबण्यात अक्का तिला उत्तर द्यायची. मग ती पुढचं बोलत राहायची आणि अक्काही बोलत राहायची, त्यामुळे 'एक दाबा' हे अक्काने कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी 'धन्यवाद' यायचं, ते ऐकून ती समाधानाने फोन ठेवायची. मी एक दाबलं. नंबर राहिला.

मी अक्काला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माले तिना आवाज वळखता येत नही का?" आवाज तिचाच आहे, पण ती तिथे नाही, असं मी पुन्हा सांगितलं. तिने गवारीच्या शेंगेची शीर काढली आणि म्हणाली, "तुम्ही शिकेल लोके काहीबी सांगतस." मग मी तिला फोन कानापासून काढून एक दाबायला शिकवू लागले. ते तिला असभ्यपणाचं वाटलं. "ती बोली ऱ्हायनी ना वं, मधमाच कसा काढू फोन?"

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण तू तिची बहीण आहेस. हॉस्पिटलवाले म्हणू देत की चूक त्यांची होती आणि पुन्हा होणार नाही, मग मी तिला हलवत नाही." त्याचंही चुकत नव्हतं. त्याने आईला ऑक्सिजनवर बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांना भेटले. मध्यमवयीन, नीटनेटके गृहस्थ. त्यांच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यावर प्रत्येक मशीनचा एक चौकोन.

"बघा मॅडम. आधी साक्रीचा पेशंट यायचाच नाही, मशीन रिकामं, आणि इकडे दारात दुसरा तळमळत बसलेला. आता बघा. सगळं हिरवं."

"हिरवं आहे, कारण माझ्या बहिणीच्या जागी दुसरं कोणी झोपलंय."

"तोही पेशंटच आहे ना, मॅडम."

तेही खरंच होतं. मी तक्रारींबद्दल विचारलं.

"एकही नाही," ते अभिमानाने म्हणाले.

तेव्हा मला कळलं की हे अवघड जाणार. ज्याचा नंबर गेला तो 'आपणच चुकलो' म्हणत घरी गेला, किंवा घरच्यांनी त्याला तसं म्हटलं. तक्रार कोणी करायची? आणि तक्रार नाही म्हणजे सगळं नीट आहे, असं ह्या भल्या माणसाने धरून चालायचं.

"लोकांच्या हातात देऊन बघितलं होतं का?" मी विचारलं.

"हो तर. सगळ्या स्टाफला फोन लावून बघितले. सगळ्यांनी एक दाबलं. आमच्या वॉचमननेसुद्धा."

"त्यांना माहीत होतं फोन कशाचा आहे ते. आमच्या शाळेत ज्याने प्रश्नपत्रिका काढली त्याने ती तपासायची नाही असा नियम होता. छापायच्या आधी दुसऱ्या शिक्षकाने ती सोडवून बघायची. काढणाऱ्याला स्वतःचा प्रश्न सोपाच वाटतो."

ते हसले. "म्हणजे आता आमची परीक्षा म्हणा की. असं करू, मोठ्या अक्षरांत बोर्ड लावतो. फोन आल्यावर एक दाबा."

"फोन घरी येतो. बोर्ड इथे असणार."

"मग तुम्हीच शिकवा अक्कांना. तुम्ही तर टीचर."

तुला आठवतं का, तू एकदा मला तुमच्या एका ॲपवर तिकीट काढायला लावलं होतंस आणि स्वतः गप्प बसून राहिली होतीस? मी चिडले तेव्हा म्हणालीस, "आजी, परीक्षा तुझी नाही, ॲपची आहे." मी मॅनेजरांकडे तेच मागितलं. एक दुपार द्या. पेशंट बसलेले असतातच, त्यांतल्या काहींना तुमच्यासमोर फोन लावा. कोणी मदत करायची नाही. तुम्ही फक्त बघायचं. ते 'करू ना' म्हणाले. मग कसलीतरी तपासणी निघाली, मग मीटिंग, मग नाशिकहून सिस्टीमवाल्या कंपनीचा माणूस येणार होता तो आला नाही. पितृपक्ष संपत आला. अक्का ट्रंकेतली लुगडी काढून उन्हात टाकू लागली. 

ट्रस्टचे वयस्कर विश्वस्त दोंडाईच्याला राहायचे, कापसाचे जुने व्यापारी. सगळे त्यांना नाना म्हणत. मी त्यांच्या दुकानात जाऊन बसले. त्यांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मला ह्या फोनबिनातलं काही कळत नाही. मॅनेजर हुशार आहे."

"नाना, शेतकऱ्याची गाडी आली की तुम्ही वरचा कापूस बघून भाव करता?"

"छे! कोपरापर्यंत हात घालतो. वर सगळेच चांगला ठेवतात."

"ह्या फोनचा तुम्ही वरचाच कापूस बघितलात. स्टाफचा."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हसून म्हणाले, "मॅनेजर मला शिव्या घालील हो ताई." आणि माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. "उद्या दुपारी येतो. पेशंट बसवून ठेवा. काय ते बाई म्हणतील तसं करू."

दुसऱ्या दिवशी वेटिंग हॉलमध्ये नाना आणि मॅनेजर भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसले. काउंटरवरचा माणूस फोन सोडणार होता. काय चाललंय म्हणून वरच्या मजल्यावरून दोन-चार जण खाली आले, त्यांत ती बिलिंगची मुलगीही होती. मी पेशंटना सांगितलं, परीक्षा तुमची नाही, ह्या फोनची आहे. अक्कालाही बाजूला घेऊन तेच सांगितलं. ती म्हणाली, "हां हां, कर तुले काय करनं ते."

पहिला फोन शिरपूरकडच्या एका आबांना लागला. आवाज ऐकताच ते उठून उभे राहिले. "हो बाईसाहेब, येतो बाईसाहेब," म्हणाले, फोनला हात जोडले आणि बसले. काही दाबलं नाही. दुसरा साक्रीच्या एका बाईंना लागला. 'एक दाबा' ऐकताच त्यांनी घाबरून फोन बंद केला. मॅनेजरांनी न राहवून विचारलं, "काकू, बंद का केला?" त्या म्हणाल्या, "पोरगा म्हणतो, फोनवर कोणी नंबर दाबायला सांगितलं तर दाबायचा नाही, खात्यातले पैसे जातात." एका तरुण पेशंटने बरोबर दाबलं. त्याच्यापुढच्याने फोन शेजाऱ्याच्या हातात दिला. मॅनेजरांची मान हळूहळू खाली जात होती. नाना म्हणाले, "हे सगळे नंबर गेले असते?" मॅनेजर म्हणाले, "हो." नाना म्हणाले, "आणि तुमच्या टीव्हीवर हिरवं दिसलं असतं."

मी तिथेच थांबायला हवं होतं असं तू म्हणशील. पण ज्या बाईला हॉस्पिटलने विसराळू ठरवलं तिचंच तर सिद्ध करायचं होतं.

अक्काचा फोन वाजला. तिने पदर सावरून तो कानाला लावला. "हां वं माय," ती नेहमीसारखी म्हणाली, "येस ना मी. मायना पाय बरा शे का आते?" आणि बोलता बोलता तिची नजर वर गेली. समोर ती मुलगी उभी होती, ओठ मिटलेले, हातात बिलांचा गठ्ठा. अक्काच्या कानात ती अजून बोलत होती. अक्काने फोनकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, पुन्हा फोन कानाला लावून ऐकलं.

आणि सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. आबा हसले, साक्रीच्या काकू हसल्या, नाना हसले. ती मुलगीच तेवढी हसली नाही. तिचे डोळे भरले. ती पुढे येऊन म्हणाली, "अक्का, आईचा पाय बरा आहे हो आता." अक्काने तिच्या गालाला हात लावला. 

मॅनेजर उठून माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, आजपासून बंद. उत्तर आलं नाही तर नंबर जाणार नाही, आमचा माणूस फोन करील. आणि तुमच्या भाच्याशी मी स्वतः बोलतो." ते तिथल्या तिथे बोललेही. स्पष्ट म्हणाले की चूक आमची होती, तुमच्या आईंची नव्हती. इतक्या लोकांसमोर इतकं सरळ बोलणारा माणूस मी माझ्या संस्थेत कधी बघितला नाही. मला फार बरं वाटलं. तो आनंद अक्काला दाखवायला मी वळले तर ती हॉलमध्ये नव्हती. बाहेर रिक्षात जाऊन बसली होती.

वाटेत आम्ही पांझरेचा पूल ओलांडला. मग म्हणाली, "बठ्ठा हसनात."

"तुला नाही गं हसले. फोनला हसले. मॅनेजर म्हणाला ना, चूक त्यांची."

"त्यास्नी चूक व्हईच. पन यंत्रना संगे मी बोलनू ना? त्याले मायना पाय इचारा मी. इतला दिन." मग म्हणाली, "शाना मानूस अशं करस का?"

मी खूप बोलले. आवाज हुबेहूब होता म्हटलं, मीही फसले असते म्हटलं. त्या आबांनी तर हात जोडले, तेही सांगितलं. ती ऐकत होती. घरी आल्यावर तिने स्वतःच मुलाला फोन लावला. तो आनंदात होता. "आई, सगळं कळलं मला. तू रहा तिकडे. मी काही म्हणत नाही." अक्का म्हणाली, "नही रे भाऊ. ये तू. ली जाय माले. मनं डोकं आते चालत नही."

त्याने मला वेगळा फोन केला. "मावशी, आता मी काय करू? मी नको म्हणतोय आणि तीच म्हणतेय."

घटस्थापनेला तो गाडी घेऊन आला. ओट्यावर शेजारणी जमल्या होत्या. अक्का कोणाशी फार बोलली नाही. जी बाई दुसऱ्याला शब्द संपवू द्यायची नाही, ती त्या दिवशी समोरचीचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत होती, तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि मग थोडक्यात उत्तर देत होती.

पुढे मॅनेजरांचा मला दोनदा फोन आला. काही नवं आणायचं ठरलं की ते आता आधी पेशंटना बसवून बघतात. "तुम्ही या ना मॅडम एकदा," म्हणाले. मी गेले नाही. मला पटवायचं कसं म्हणून तू विचारलंस, तर ते एवढंच आहे. सांगून उपयोग नसतो. त्याला समोर बसवायचं, गप्प बसवायचं आणि बघू द्यायचं. पण मी तुझ्या जागी असते तर खोलीत एकाच वेळी इतके लोक येऊ दिले नसते. आणि ज्याच्याकडून ते करवून घेतलं, तो घरी काय घेऊन गेला, हे आधी बघितलं असतं. त्याला फक्त 'परीक्षा तुमची नाही' म्हणून भागत नाही.

सुरतेला अक्काचं डायलिसिस वेळेवर व्हायचं. सूनबाई चांगली, नातवंडं चांगली. मी दर रविवारी फोन करायचे. फोन उचलला की ती आधी विचारायची, "तूच शे ना?" मी हो म्हणायचे. ती थांबायची. मग मी काहीतरी असं सांगायचे जे फक्त आम्हा दोघींना माहीत, विहिरीवरच्या सापाचं किंवा काकांच्या टोपीचं. मग म्हणायची, "हां, तूच शे," आणि बोलायची. हळूहळू ते विचारणं तेवढं उरलं, बोलणं कमी झालं. नंतर नंतर ती फोन घेईनाशी झाली. सूनबाई म्हणायची, "आई म्हणतात, तूच बोल." म्हणजे मी सूनबाईशी बोलायचे आणि मागे अक्का ऐकत असायची.

उन्हाळ्यात ती गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. भेटायला येणाऱ्यांत सुरतेला गेलेले आपल्याकडचे बरेच होते. त्यांच्यापैकी एका बाईंनी विचारलं, "इतकी वर्षं धुळ्याला एकट्या होत्या, मग इकडे कशा आल्या?" भाचा म्हणाला, "शेवटी शेवटी विसरायला लागली होती हो. फोनवर भलतंच बोलायची. म्हणून आणली."

"नाही," मी म्हणाले. "ती विसरत नव्हती. तो फोन वाईट होता."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायला लागले, रेकॉर्ड केलेला आवाज, नमस्कारानंतरचं थांबणं, हिरवे चौकोन. दुःखात असलेल्या माणसाला हो म्हणतात तशा बायका हो हो म्हणत राहिल्या. भाच्याने खाली बघितलं. त्याला सगळं माहीत होतं, मॅनेजरांनी स्वतः सांगितलेलं होतं, पण शेवटच्या महिन्यांतली आई त्याने डोळ्यांनी बघितली होती आणि त्याच्यासाठी तीच खरी झाली होती. सूनबाई उठून माझ्याजवळ आली. "मावशी, पाणी घ्या," ती म्हणाली, "दमलात तुम्ही."

मी पाणी घेतलं. सुरतेच्या त्या घरात आता सगळे तसंच म्हणतात, आणि त्या नातवंडांना तसंच आठवेल. तुम्ही दोघं लांब आहात, तुम्ही तिला शेवटी शेवटी बघितलेलं नाही. तुम्ही तरी ती होती तशी लक्षात ठेवा.